कृत्रिम बुद्धिमत्तेची साक्षरता : कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि शेतकरी

शेतीविषयक सल्ला मिळविण्याची साधने काळानुसार बदलत आली आहेत. पूर्वी गावातील जाणता शेतकरी, पुढे ग्रामसेवक व कृषी सहायक, आकाशवाणीवरील शेतीचे कार्यक्रम, कृषी विद्यापीठांची मासिके व शेतकरी मेळावे आणि २००४ पासून किसान कॉल सेंटर, असा हा क्रम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे प्रश्नोत्तराचे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर मोबाईलवर मराठीत प्रश्न विचारून लगेच मराठीत उत्तर मिळणे शक्य झाले. केंद्र शासनाने प्रामुख्याने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेच्या शंकांसाठी २०२३ मध्ये किसान ई-मित्र सुरू केले. किडींचे छायाचित्रावरून निदान करणारी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली २०२४ मध्ये आली. महाराष्ट्र शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. तेव्हा हे साधन शेतकऱ्याच्या खिशात येऊन पोहोचलेले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, त्याने दिलेले उत्तर तपासावे कसे?

वाचता-लिहिता येणे म्हणजे साक्षरता. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिळालेले उत्तर कशाच्या आधारावर तयार झाले, ते कोठे लागू पडते व कोठे पडत नाही, हे ओळखता येणे म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची साक्षरता होय. कृषी महाविद्यालयांतील वर्गात व ग्रंथालयात आता या साक्षरतेचे धडे देण्यास सुरुवात झाली आहे. हे धडे विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहू नयेत, शेतकरी बंधू-भगिनींनाही ते उपयोगी पडावेत, या हेतूने प्रस्तुत लेखात त्यांची माहिती दिली आहे.

एक प्रसंग

एका रब्बी हंगामातील प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. महाविद्यालयाजवळच्या गावातील एक शेतकरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कृषिविद्या विभागात आले. त्यांचा दोन एकर गहू आणि बांधापलीकडे दीड एकर हरभरा होता. दोन्ही पिकांत चाकवत माजला होता. त्यांनी मोबाईलवर प्रथम गव्हातील चाकवतासाठी तणनाशक विचारले. २,४-डी हे उत्तर मिळाले आणि ते बरोबर होते. त्याच संभाषणात त्यांनी पुढे "आणि हरभऱ्यात?" असे विचारले. यंत्राने तेच तणनाशक, तितक्याच ठामपणे, रुंद पानांच्या तणांसाठी परिणामकारक म्हणून सुचविले. दुकानातून औषध आणूनही झाले होते. ते माझ्याकडे आले ते केवळ हेक्टरी ग्रॅममध्ये दिलेली मात्रा पंधरा लिटरच्या पंपाला किती पडते, हे विचारण्यासाठी.

हरभरा हे स्वतःच रुंद पानांचे पीक आहे. २,४-डी फवारले असते तर चाकवताबरोबर हरभऱ्याचेही शेंडे पिळवटले असते आणि दीड एकराचे पीक हातचे गेले असते. पंपाचा हिशेब त्यांना येत असता तर ते माझ्याकडे आलेच नसते, ही गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी विद्यापीठाची चालू वर्षाची कृषी दैनंदिनी काढून दिली. हरभऱ्यात पेंडीमिथॅलीन हे तणनाशक पेरणीनंतर परंतु उगवणीपूर्वी वापरावयाचे असते. ती वेळ निघून गेली होती. तेव्हा खुरपणी व कोळपणी हाच मार्ग होता. गव्हावर फवारतानाही वारा हरभऱ्याच्या बाजूने वाहत नाही हे पाहावे आणि तो पंप स्वच्छ धुतल्याशिवाय दुसऱ्या पिकाला वापरू नये, असे त्यांना सांगितले. हरभऱ्यात मजुरी लागली, पण पीक राहिले.

यंत्राचे ते उत्तर मी नंतर पुन्हा वाचले. मराठी शुद्ध होती, आकडे होते, मांडणी नीटनेटकी होती. माहिती खरी होती, परंतु ती गव्हाच्या शेताची होती. त्या उत्तराखाली ते कोणत्या शिफारशीवरून घेतले, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या पिकाचे, याचा उल्लेख नव्हता. पत्राला पत्ता नसला की ते भलत्याच घरी पडते, तसा हा प्रकार झाला.

यंत्र उत्तर कसे तयार करते?

"मृगाचा पाऊस पडला की..." एवढेच म्हटले तर कोणताही शेतकरी पुढचा शब्द "पेरणी" असा सांगेल. हे वाक्य त्याने लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेले असते. प्रश्नोत्तराची यंत्रे याच पद्धतीने शिकतात. पुस्तके, वर्तमानपत्रे, लेख, संकेतस्थळे अशा अफाट मजकुरातून कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणते शब्द येतात, याचे गणित ते करून ठेवते. प्रश्न विचारला की त्या गणिताच्या आधारे सर्वांत सयुक्तिक वाटणारे वाक्य शब्दामागून शब्द जोडत तयार केले जाते.

मात्र वाक्य पुरे करणे वेगळे आणि पेरणीचा निर्णय घेणे वेगळे. पेरणीसाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाला का, ओल किती खोल गेली, वाफसा आला का, हे शेतात जाऊन पाहावे लागते. शेतकरी वाक्य पुरे करतो आणि नंतर मूठभर माती हातात घेऊनही पाहतो. यंत्राला ही दुसरी पायरी नाही. त्याला तुमचे शेत दिसत नाही. तुम्ही जेवढे लिहिले किंवा बोललात, तेवढेच त्याला कळते. जे सांगितले नाही ते ते साधारण अंदाजाने भरून काढते, आणि अंदाज केला आहे असे दर वेळी सांगतेच असे नाही.

काही साधने उत्तर देण्यापूर्वी ठराविक कागदपत्रांत किंवा संकेतस्थळांवर शोध घेतात व त्यांचा दुवा देतात. अशी साधने तुलनेने बरी. तथापि दिलेला दुवा उघडून त्यात खरोखर तेच लिहिले आहे का, हे पाहणे आवश्यकच असते.

छायाचित्रावरून रोगनिदान

रोगट पानाचे छायाचित्र काढून रोग ओळखण्याची सोय अनेक शेतकरी वापरतात. या यंत्रांना हजारो छायाचित्रे दाखवून शिकविलेले असते. ती छायाचित्रे कोणती, यावर निदानाची खात्री अवलंबून राहते.

या संदर्भात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन आम्ही वर्गात आवर्जून शिकवितो. प्लांटव्हिलेज या संग्रहातील १४ पिके व २६ रोगांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर संशोधकांनी यंत्राला शिकविले. याच संग्रहातील, परंतु शिकविताना न वापरलेली छायाचित्रे दाखविली तेव्हा यंत्राचे निदान ९९.३५ टक्के अचूक आले. त्यानंतर वेगळ्या परिस्थितीत काढलेली, बाहेरून मिळविलेली छायाचित्रे दाखविली. तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर एवढीच भरली. ही घट संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केली, हे त्या कामाचे मोल आहे. मूळ संग्रहात एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून छायाचित्र काढलेले होते. शेतात मात्र पानावर ऊन-सावली असते, धूळ असते, मागे दहा पाने असतात आणि एकाच पानावर किडीची खूण व खताची कमतरता दोन्ही दिसू शकतात.

या संग्रहात कोणती पिके आहेत हेही पाहण्यासारखे आहे. त्यात कापूस, तूर, ज्वारी, कांदा ही पिके नाहीत. सोयाबीन आहे, पण केवळ निरोगी पानांची छायाचित्रे आहेत. संत्र्याचा ग्रीनिंग हा एकच रोग आहे. द्राक्ष आहे, पण आपल्याकडील बागायतदाराची झोप उडविणारे केवडा व भुरी हे द्राक्षावरील दोन्ही रोग त्यात नाहीत. ज्या यंत्राने द्राक्षावरील केवडा कधी पाहिलाच नाही, त्याला केवड्याचे पान दाखविले तर ते आपल्याला माहीत असलेल्या रोगांपैकीच एखादे नाव सांगणार.

त्यानंतरच्या काळात अधिक पिकांचे व प्रत्यक्ष शेतातील छायाचित्रांचे संग्रह तयार झाले आहेत आणि साधने सुधारली आहेत. तरीही वापरणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न तोच राहतो. या यंत्राने माझे पीक, माझ्या भागात, शेतातील उजेडात पाहिले आहे का?

जुनी माहिती आणि नवी माहिती

ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते. ही बाब किती महत्त्वाची आहे, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. १९९० च्या दशकातील शेतीविषयक साहित्यात एन्डोसल्फान व फोरेट ही नावे जागोजागी आढळतात. त्या काळी त्या अधिकृत शिफारशीच होत्या. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एन्डोसल्फानवर बंदी आली. फोरेटवरील बंदीचा आदेश २०१८ मध्ये निघाला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर बंद करण्यात आला.

जुना अंक हातात घेणारा वाचक वर्ष पाहतो आणि सावध होतो. यंत्राने मात्र जुने-नवे सर्व एकत्र वाचलेले असते, आणि उत्तर देताना त्यातील कोणता भाग कोणत्या वर्षीचा हे वेगळे राहतेच असे नाही. शिवाय मराठीतील शेतीविषयक मजकूर इंग्रजीच्या मानाने संगणकावर फार थोडा आहे. त्यामुळे उत्तर अस्सल मराठीत असले तरी त्यातील माहिती दुसऱ्या राज्यातील किंवा दुसऱ्या देशातील असू शकते. तणांच्या व किडींच्या स्थानिक नावांत तर घोटाळा होण्याचा संभव अधिक. एकाच तणाला विदर्भात एक, मराठवाड्यात दुसरे आणि कोकणात तिसरेच नाव असते.

वर्गात व ग्रंथालयात काय शिकविले जाते?

देशातील कृषी विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ग्रंथालय व माहिती सेवा हा एक क्रेडिटचा, केवळ प्रात्यक्षिकाचा विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. संदर्भ कसा शोधावा, तालिका कशी पाहावी, प्रबंधासाठी संदर्भसूची कशी करावी, हे त्यात शिकवितात. आम्ही विद्यार्थी असताना हा विषय गुणांच्या हिशेबात येत नसल्याने त्याकडे दुर्लक्ष करीत असू. आज तोच विषय सर्वांत जास्त उपयोगाचा ठरत आहे. पदवीच्या स्तरावरही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार तयार झालेल्या नव्या अभ्यासक्रमात कृषी माहितीशास्त्राबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचा समावेश करण्यात आला आहे.

परदेशातही विद्यापीठांनी हे काम हाती घेतले आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने एका कंपनीच्या सहकार्याने २०१८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देणारा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची अट नव्हती. देशाच्या लोकसंख्येपैकी निदान एक टक्का लोकांना या विषयाची प्राथमिक जाण यावी, हे त्यामागील उद्दिष्ट होते.

आमच्या वर्गात या विषयाची निकड एका गृहपाठामुळे पटली. एका विद्यार्थ्याने ठिबक सिंचनावरील टिपण लिहून आणले व शेवटी आठ संदर्भ दिले. नियतकालिकांची नावे ओळखीची, वर्षे व पृष्ठे दिलेली. ग्रंथपालांना ते आठही संदर्भ काढून देण्याची विनंती केली. पाच मिळाले. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या दिलेल्या पृष्ठांवर भलतेच लेख होते आणि एका लेखाचा कोठेच मागमूस लागला नाही. विद्यार्थ्याने फसविण्याच्या हेतूने हे केले नव्हते. यंत्राने संदर्भ दिले व त्याने ते उतरविले. संदर्भाचे वळण यंत्राला ठाऊक असते, म्हणून ते संदर्भासारखा दिसणारा संदर्भ तयार करू शकते.

तेव्हापासून आम्ही ग्रंथालयात पुढीलप्रमाणे प्रात्यक्षिक घेतो. वहीच्या पानाचे तीन रकाने करावयाचे. पहिल्यात यंत्राला विचारलेला प्रश्न, दुसऱ्यात त्याचे उत्तर आणि तिसऱ्यात त्या उत्तराला ग्रंथालयात सापडलेला आधार. तिसरा रकाना भरताना विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, शिफारशींची पुस्तिका, संशोधन नियतकालिके आणि कृषिकोश यांचा उपयोग केला जातो. कृषिकोश हा देशातील कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचा व अहवालांचा संगणकीय संग्रह आहे. ज्या उत्तराचा तिसरा रकाना रिकामा राहील, ते शेतात वापरावयाचे नाही, हा या प्रात्यक्षिकाचा नियम आहे. तिसरा रकाना भरताना विद्यार्थ्याला आपोआपच पीक, विभाग, वर्ष व एकक पाहण्याची सवय लागते.

शेतकऱ्यांसाठी : उत्तराचा पत्ता तपासण्याच्या पाच बाबी

हेच प्रात्यक्षिक शेतकऱ्याला घरी करता येते. यंत्राकडून मिळालेला कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी पुढील पाच बाबी पाहाव्यात.

१) कोणी सांगितले? शिफारस कोणत्या विद्यापीठाची वा संशोधन केंद्राची आहे, हे यंत्राला विचारावे. महाराष्ट्रातील राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत चर्चा होऊन मंजूर होतात. यंत्राने नाव सांगितले तरी त्यावर विसंबू नये. मूळ पुस्तिकेत किंवा दैनंदिनीत ती शिफारस पाहावी.

२) कोणत्या पिकासाठी व कोणत्या अवस्थेत? पीक बदलले की नवा प्रश्न नव्याने, पिकाचे नाव घेऊन विचारावा. "आणि त्यात?" असा अर्धवट प्रश्न विचारू नये. पेरणीनंतर किती दिवस झाले, हेही सांगावे.

३) कोणत्या भागासाठी? जमीन हलकी की भारी, जिरायत की बागायत, जिल्हा कोणता, हे प्रश्नातच लिहावे. पंजाबातील गव्हाची तारीख मराठवाड्यात चालत नाही.

४) कोणत्या वर्षीचे? औषध वापरात आहे की बंदी आली आहे, हे चालू वर्षाच्या दैनंदिनीवरून किंवा कृषी विभागाकडून खात्री करून घ्यावे. औषधासोबतच्या माहितीपत्रकात ज्या पिकांची नावे आहेत, त्याच पिकांवर ते वापरावे. माहितीपत्रकात पिकाचे नाव नसेल तर तेथेच थांबावे.

५) एकक कोणते? मात्रा हेक्टरी आहे की एकरी, क्रियाशील घटकाची आहे की बाजारातील औषधाची, हे वेगळे करून पाहावे.

शेवटच्या मुद्द्यात सर्वाधिक गफलत होते, म्हणून एक हिशेब देत आहे. तो केवळ रीत समजण्यासाठी आहे. समजा, मात्रा हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक अशी दिली आहे आणि बाजारातील औषध ३० टक्के ईसी आहे. म्हणजे १ लिटर औषधात ३०० ग्रॅम क्रियाशील घटक असतो. म्हणून १००० भागिले ३०० बरोबर ३.३३ लिटर औषध एका हेक्टरला लागेल. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. तेव्हा ३.३३ भागिले २.४७ बरोबर सुमारे १.३५ लिटर औषध एका एकराला पडेल. येथे एखाद्याने हेक्टरचा आकडाच एकराला वापरला तर मात्रा जवळजवळ अडीच पट होईल. १ किलो म्हणजे १ लिटर औषध असे धरून हेक्टरला वापरले तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी घटक शेतात पडेल आणि औषधाचा खर्च वाया जाईल.

घरी करून पाहावयाचे प्रात्यक्षिक

ज्या पिकात आपली हयात गेली, त्या पिकाविषयी यंत्राला दहा प्रश्न विचारावेत. आपल्या भागातील पेरणीची वेळ, जुन्या वाणाचा कालावधी, स्थानिक तणाचे नाव, दोन ओळींतील अंतर असे प्रश्न निवडावेत. किती उत्तरे बरोबर आली, किती अर्धवट आणि किती चुकीची, याची नोंद वहीत करावी. विशेष म्हणजे चुकीचे उत्तर देतानाही यंत्राची भाषा तितकीच ठाम असते, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसून येईल. मग ज्या पिकाचा आपल्याला अनुभव नाही, त्याविषयीच्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, याचा अंदाज येतो.

तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी वेगळ्या शब्दांत विचारावा. दोन उत्तरांत फरक पडला तर त्या विषयात तपासणीची गरज आहे, असे समजावे. दोन्ही उत्तरे सारखी आली म्हणून मात्र ती बरोबरच आहेत, असे मानू नये.

हे प्रात्यक्षिक शेतकरी गटाने किंवा बचत गटाने मिळून केल्यास अधिक लाभ होतो. घरात महाविद्यालयात शिकणारा मुलगा वा मुलगी असेल तर त्यांना तिसरा रकाना भरण्याचे काम द्यावे.

कोठे वापरावे, कोठे थांबावे?

या साधनापासून दूर राहावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. चुकले तर किती नुकसान होईल, हे पाहून वापराची मर्यादा ठरवावी.

अ) निःशंक वापरावे असे : अर्जाचा मसुदा तयार करणे, इंग्रजी पत्रकाचा अर्थ समजून घेणे, पीक कर्जाच्या किंवा खर्चाच्या नोंदींची मांडणी करणे, तज्ज्ञांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करणे. यात चूक झाली तरी ती दुरुस्त करता येते. इंग्रजी पत्रकातील औषधाची मात्रा मात्र मूळ पत्रकावरूनच वाचावी.

आ) पडताळून वापरावे असे : वाणाची निवड, खताचे नियोजन, पाण्याच्या पाळ्या, योजनेच्या अटी. खताच्या बाबतीत माती परीक्षणाचा अहवाल हाच आधार धरावा. योजनेची अंतिम तारीख संबंधित कार्यालयातूनच निश्चित करून घ्यावी.

इ) तज्ज्ञांशिवाय वापरू नये असे : तणनाशक, कीडनाशक व संजीवकांची निवड आणि मात्रा, दोन औषधांचे मिश्रण, जनावरांचे औषधोपचार, विषबाधेवरील उपाय. विषबाधा झाल्यास मोबाईलवर विचारत बसू नये. औषधाचा डबा सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.

ग्रंथालयापर्यंत कसे पोहोचावे?

विद्यापीठाचे ग्रंथालय ही केवळ विद्यार्थ्यांची जागा आहे, असा समज आढळतो. वाचन कक्षात बसून साहित्य पाहण्यासंबंधीचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करावी. जाताना आपला प्रश्न व यंत्राने दिलेले उत्तर कागदावर उतरवून न्यावे. ग्रंथपाल शेतीचा सल्ला देत नाहीत, परंतु त्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणत्या पुस्तिकेत, कोणत्या पानावर आहे, हे दाखवू शकतात. ते पान घेऊन संबंधित विभागातील तज्ज्ञांना भेटता येते.

ज्यांना विद्यापीठ दूर पडते त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून प्रश्न विचारता येतो. चालू वर्षाची कृषी दैनंदिनी प्रत्येक शेतकरी गटाकडे निदान एक तरी असावी. यंत्राचे उत्तर पडताळण्यासाठी एवढे एक पुस्तक घरात असले तरी पुष्कळ काम होते.

या बाबतीत विद्यापीठांकडूनही काही अपेक्षा आहेत. शिफारशी वर्षनिहाय, पीकनिहाय आणि सोप्या मराठीत संगणकावर सर्वांसाठी उपलब्ध झाल्या पाहिजेत. रद्द झालेल्या शिफारशींवर तसा ठळक शेरा हवा. तसे झाले तर शेतकऱ्याचे तपासणीचे काम सोपे होईल आणि यंत्रांनाही शिकण्यासाठी खात्रीचा मराठी मजकूर मिळेल. शेतकरी मेळाव्यात बियाणे व अवजारांच्या दालनाशेजारी ग्रंथालयाचे एक दालन असावे आणि तेथे मोबाईलवरील उत्तर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा आधार शोधून दाखवावा, असेही सुचवावेसे वाटते.

सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपयुक्त आहेत आणि ती वापरात राहणार आहेत. मात्र त्यांचे उत्तर भाषेने सुबक असले तरी ते आपल्या पिकाचे, आपल्या भागाचे व चालू वर्षाचे असेलच असे नाही. बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो, पावती जपून ठेवतो आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. यंत्राच्या सल्ल्यालाही हीच रीत लावावी. कोणी, कोणत्या पिकासाठी, कोठे, केव्हा व किती, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पंपात औषध ओतू नये. प्रसंगात उल्लेख केलेले शेतकरी आता यंत्राचे उत्तर वहीत उतरवून आणतात आणि तिसरा रकाना भरण्यासाठी ग्रंथालयात येऊन बसतात. इतर शेतकरी बंधू-भगिनींनीही ही सवय लावून घ्यावी.